शेगडी नसलेली कोठडी

श्रोतेहो, ‘दृष्टीआड सृष्टी’ ही म्हण आपण रोजच्या बोलण्यात सहज वापरतो. जे डोळ्यांना दिसत नाही त्याची खंतही वाटत नाही, एवढाच तिचा साधा अर्थ. पण या एका म्हणीपायी किती माणसांचे हाल झाले, त्याचा हिशेब कोणी मांडायला बसला तर वही पुरायची नाही. त्या वहीतले एकच पान आज आपण उघडून पाहू. ते पान आहे तुरुंगात पडलेल्या, मनाने आजारी असलेल्या स्त्रियांचे, आणि त्यांच्यापर्यंत पोचलेल्या काही थोड्या माणसांचे.

आरंभीच एक खुलासा करतो. जुन्या काळी अशा आजाराला सरसकट ‘वेड’ म्हणत, आणि अशा माणसाला ‘वेडा’ किंवा ‘वेडी’. जुनी हकीकत सांगताना तो शब्द माझ्याही तोंडी येईल. परंतु हा शरीराच्या इतर आजारांसारखाच एक आजार आहे, त्याला औषध आहे, उपचार आहेत, हे आज वैद्यकाने निर्विवाद ठरवले आहे. तेव्हा शब्द जुना असला तरी समज आजची ठेवून ऐकावे, एवढी विनंती.

आता तुम्ही म्हणाल, तुरुंग हा चोरदरोडेखोरांसाठी. आजारी बाई तिथे जाईलच कशी? प्रश्न रास्त आहे. पण इतिहास पाहिला तर असे दिसते की, ज्या माणसाचे काय करावे हे समाजाला कळत नाही, त्याला समाज पहिल्यांदा कुलपात ठेवतो. रात्री-अपरात्री ओरडणारी, अंगावरचे कपडे फाडणारी, रस्त्याने एकटीच बोलत फिरणारी बाई कोणाला नकोशी होते. घरचे थकतात, गावकरी घाबरतात, आणि शेवटी तिला कुठल्या तरी भक्कम दाराच्या आड लोटले जाते. गावात भक्कम दार कोणाचे? तुरुंगाचे. गुन्हा काय, तर आजार!

बरे, तुरुंगाऐवजी वेड्यांचे इस्पितळ असले म्हणजे सारे ठीक झाले, असेही नव्हते. इंग्लंडातील यॉर्क या गावी असे एक इस्पितळ होते. १७९० साली तिथे हॅना मिल्स नावाची एक विधवा बाई आजारी म्हणून दाखल झाली. ती क्वेकर पंथाची होती. तिच्या पंथाची मंडळी तिला भेटायला गेली, तेव्हा त्यांना दारातूनच परत पाठवण्यात आले. काही आठवड्यांतच ती बाई तिथे वारली. आत काय घडले हे बाहेर कोणालाच कळले नाही. या गोष्टीचा चटका विल्यम ट्यूक नावाच्या चहाकॉफीच्या व्यापाऱ्याला बसला. त्याने पंथाच्या लोकांकडून पैसा जमवला आणि १७९६ साली यॉर्कजवळच ‘रिट्रीट’ नावाचे नवे घर उघडले. तिथे साखळदंड नव्हते. रोग्यांना बागेत काम, हाताला शिवणटिपण, वेळेवर जेवण आणि माणुसकीची वागणूक मिळे. पुष्कळ रोगी तिथे सुधारले. साखळीने जे होत नाही ते ममतेने होते, असे या घराने जगाला दाखवून दिले. ट्यूक डॉक्टर नव्हता, हेही ध्यानात असू द्या.

आता आपल्याला समुद्र ओलांडून अमेरिकेत जायचे आहे, कारण आजच्या गोष्टीची मुख्य बाई तिथली आहे. तिचे नाव डोरोथिया डिक्स. आपण तिला डिक्सबाई म्हणू, आणि ते शोभेलही, कारण ती शाळेतली ‘बाई’च होती. १८०२ साली मेन प्रांतात तिचा जन्म झाला. घरची स्थिती ओढगस्तीची. वडील फिरते धर्मोपदेशक आणि व्यसनी. बाराव्या वर्षी ती बोस्टनला आजीकडे आली आणि चौदाव्या वर्षी तिने वुस्टर गावी लहान मुलांची शाळा काढली. पुढे बोस्टनमध्येही तिने शाळा चालवली. मुलांसाठी नेहमीच्या वापरातील वस्तूंची माहिती देणारे एक पुस्तक तिने १८२४ साली लिहिले, तेही खूप खपले. पण प्रकृती साथ देईना. छातीचे दुखणे जडले. १८३६ साली हवापालटासाठी ती इंग्लंडला गेली आणि लिव्हरपूलजवळ रॅथबोन नावाच्या एका सज्जन कुटुंबात वर्षभराहून अधिक काळ राहिली. तिथे यॉर्कच्या त्या ‘रिट्रीट’ची माहिती तिच्या कानी आली. बी पेरले गेले ते इथे.

ती मायदेशी परतली तेव्हा तिथली व्यवस्था काय होती, ते खेड्यातल्या मंडळींनी मुद्दाम ऐकण्यासारखे आहे. अमेरिकेच्या त्या भागात निराधार माणसाला पोसण्याची जबाबदारी गावाची असे. आता गावाचा खर्च कमी कसा करायचा? तर लिलाव! पण उलटा लिलाव बरे का. गावच्या सभेत निराधार माणसाला उभे करायचे, आणि जो कोणी सर्वांत कमी पैशात त्याला वर्षभर पोसायला तयार होईल, त्याच्या पदरी ते माणूस घालायचे. काही गावांनी ‘गरीबगृहे’ बांधली होती. मनाने आजारी असलेले माणूस हाताबाहेर गेले की त्याची रवानगी जिल्ह्याच्या तुरुंगात. मॅसॅच्युसेट्स प्रांतात वुस्टरला १८३३ साली सरकारी मनोरुग्णालय उघडले होते खरे, पण त्यात जागा थोडी. ते लवकरच भरून गेले. बरे होण्याची आशा नाही असे ज्यांच्याबद्दल वाटे, त्यांना जागेअभावी पुन्हा तुरुंगाकडे नाहीतर गरीबगृहाकडे पाठवत.

१८४१ सालच्या मार्च महिन्याची २८ तारीख, रविवार. बोस्टनलगतच्या ईस्ट केंब्रिज येथील तुरुंगात स्त्री-कैद्यांसाठी रविवारचा धर्मपाठ घ्यायचा होता. हे काम एका तरुण विद्यार्थ्याकडे आले होते, पण बायकांसमोर आपला निभाव लागेल असे त्याला वाटेना. त्याने डिक्सबाईला विचारले. तिचे वय तेव्हा अडतीस, प्रकृती नाजूक. ती म्हणाली, मीच जाते.

पाठ झाला. एखादी दुसरी बाई घरी परतली असती. डिक्सबाईने तुरुंग पाहायचे ठरवले. चोरी, दारू, रस्त्यावरचे गैरवर्तन अशा कारणांसाठी धरलेल्या बायकांमध्येच तिला काही बायका दिसल्या, ज्यांच्यावर गुन्हा असा काही नव्हता. त्या मनाने आजारी होत्या. कोठडी घाण, आणि मुख्य म्हणजे थंडगार. मार्च महिना आपल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडचा. पण तिकडे तेव्हा हाडे गोठवणारी थंडी असते. इतर कोठड्यांना ऊब होती, इथे शेगडी नव्हती. तिने कारण विचारले. तुरुंगाधिकाऱ्याने जे उत्तर दिल्याचे सांगतात ते असे, की वेड्यांना थंडी कळत नाही, आणि शेगडी दिली तर त्या आगच लावतील.

श्रोतेहो, या उत्तरावर क्षणभर थांबा. हे उत्तर देणारा माणूस फार दुष्ट होता असे समजू नका. त्या काळी पुष्कळ शहाण्यासुरत्या माणसांचाही हाच समज होता. वेड लागले की थंडी, भूक, लाज, दुःख यांची जाणीव जाते, असे मानले की मग काही करावेच लागत नाही, पाहा. शेगडी नको, पांघरूण नको, भेट नको. समजूत सोयीची असली म्हणजे ती खरी वाटू लागते.

डिक्सबाईने दोन गोष्टी केल्या. एक, जवळच न्यायालय भरले होते, तिथे तिने अर्ज केला. खटपटीनंतर त्या कोठडीला शेगडी मिळाली. दुसरी गोष्ट अशी की, तिने आपला शब्द एकटीचा राहू दिला नाही. डॉक्टर सॅम्युअल हौ या, आंधळ्यांची शाळा चालवणाऱ्या गृहस्थांना तिने हे सांगितले. ते स्वतः तुरुंग पाहून आले व त्यांनी वर्तमानपत्रात लिहिले. अधिकाऱ्यांनी इन्कार करताच चार्ल्स सम्नर या तरुण वकिलाने, आपणही ते पाहिले आहे, अशी जाहीर साक्ष दिली. आरोप झाला, इन्कार झाला आणि प्रकरण मिटले, असे होऊ शकले नाही.

पण एका कोठडीला शेगडी मिळाली म्हणून प्रांतभरच्या कोठड्या गरम होत नाहीत. तेव्हा डिक्सबाईने प्रवास सुरू केला. मॅसॅच्युसेट्समधले तुरुंग, गरीबगृहे आणि जिथे म्हणून असे माणूस ठेवल्याचे कळेल ते शेतघर किंवा तळघर, ती गाडीने, प्रसंगी पायी जाऊन पाहू लागली. हातात एक वही. गावाचे नाव, ठेवलेली माणसे किती, कोठडी केवढी, पांघरूण आहे की नाही, साखळी आहे का, देखभाल कोणाकडे, हे सारे ती टिपून घेई. ऐकीव गोष्ट तिने लिहिली नाही असे नाही, पण मुख्य भर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्यावर. शिक्षकमंडळींना यात आपल्याच धंद्याची शिस्त दिसेल. हजेरीपट घ्यावा तसा तिने दुःखाचा हजेरीपट घेतला.

डॅनव्हर्स गावच्या गरीबगृहात तिला एक तरुण बाई पिंजऱ्यात ठेवलेली आढळली. गजांना धरून ती त्यांवर आदळत होती, अंगावर धड कपडा नव्हता, आणि आपल्याच नखांनी तिने आपली कातडी ओरबाडली होती. एके काळी हीच बाई चारचौघींसारखी होती. अशा नोंदी एकामागून एक आहेत. कुठे तळघर, कुठे गोठ्यासारखी खोली, कुठे साखळी. मात्र डिक्सबाईने एक न्यायही पाळला. जिथे गरिबीतही एखादा घरमालक किंवा घरमालकीण आजाऱ्याला मायेने वागवत होती, तिथली शांतता आणि सुधारणा तिने तितक्याच काळजीने नोंदवली. माणुसकीला पैसा फार लागत नाही, हेही त्यामुळे आपोआप सिद्ध झाले.

या साऱ्याचे एक निवेदन तिने तयार केले आणि ते १८४३ सालच्या जानेवारीत कायदेमंडळापुढे आले. ‘आले’ असे म्हणतो, कारण तिला स्वतःला तिथे उभे राहून बोलता आले नाही. त्या देशात स्त्रियांना मताचाही अधिकार नव्हता. देशभरासाठी तो मिळायला १९२० साल उजाडावे लागले. डॉक्टर हौ त्या वेळी कायदेमंडळात निवडून आले होते, त्यांनी ते मांडले. काही गावच्या कारभाऱ्यांनी आरडाओरड केली, आमच्या गावाची बदनामी झाली, बाईने वाढवून सांगितले, असे छापून आणले. दोनचार ठिकाणचे तपशील वादाचे ठरलेही असतील. पण मूळ गोष्ट कोणाला खोटी पाडता आली नाही. अखेर वुस्टरचे रुग्णालय वाढवण्याचा ठराव मंजूर झाला.

मग हाच क्रम तिने दुसऱ्या प्रांतांत चालवला. आधी पाहायचे, मग लिहायचे, मग योग्य माणसाच्या हाती द्यायचे. तीन वर्षांत आपण दहा हजार मैलांहून अधिक प्रवास केला आणि ३०० जिल्हा तुरुंग व ५०० हून अधिक गरीबगृहे पाहिली, असा हिशेब तिने एका पत्रात दिला आहे. तोही आगगाडी सर्वत्र पोचली नव्हती त्या काळात! न्यू जर्सीत १८४५ साली तिने निवेदन दिले आणि १८४८ साली ट्रेंटन येथे नवे रुग्णालय उघडले. या रुग्णालयाला ती आपले पहिले अपत्य म्हणे.

अपयशही आले. केंद्र सरकारने पडीक सरकारी जमिनीतून १,२२,२५,००० एकर जमीन द्यावी आणि तिच्या उत्पन्नातून या निराधार आजाऱ्यांची, तसेच अंधांची व मूकबधिरांची सोय व्हावी, यासाठी ती सहा वर्षे झगडली. दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केले. पण ३ मे १८५४ रोजी राष्ट्राध्यक्ष पिअर्स यांनी ते फेटाळले. धर्मादाय हे केंद्र सरकारचे काम नव्हे, असे त्यांचे म्हणणे. बाई खचली, विश्रांतीसाठी युरोपात गेली, आणि विश्रांती कसली घेते, स्कॉटलंडमधली खाजगी वेडगृहे पाहू लागली! तिच्या खटपटीने तिथे सरकारी चौकशी नेमली गेली व १८५७ साली कायदा झाला.

थोर माणसाची गोष्ट सांगताना तिची उणी बाजू झाकायची नसते. डिक्सबाईची करुणा कोठडीपर्यंत पोचली, पण त्याच देशात लाखो माणसे गुलाम होती, त्यांच्यासाठी तिने आवाज उठवला नाही. आणि दुसरे असे की, इमारत उभी राहिली म्हणजे काम झाले, या भरवशाने पुढच्या पिढ्या फसल्या. रुग्णालये भरत गेली, एका खाटेच्या जागी दोन रोगी झाले, पाहणारे कमी झाले. ज्या ट्रेंटनला ती आपले अपत्य म्हणे आणि जिथे म्हातारपणी सहा वर्षे राहून १८८७ साली तिने देह ठेवला, तिथेच पुढे काय घडले? १९०७ साली हेन्री कॉटन नावाचे डॉक्टर तिथे प्रमुख झाले. वेडाचे मूळ दातांतल्या व आतड्यांतल्या पुवात आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यांनी शेकडो रोग्यांचे दात उपटले, पोट फाडून आतडी काढली. कितीतरी माणसे त्यात दगावली. हे कुठल्या अंधाऱ्या तुरुंगात नव्हे, नामांकित रुग्णालयात घडले. म्हणजे दारावरची पाटी बदलली तरी दार बंदच राहिले तर आतला अंधार तोच. औषध, डॉक्टर, इमारत ही तर हवीतच. पण बाहेरच्या माणसाची नजर आत पोचत राहिली पाहिजे. आजच्या साऱ्या कथेचा गाभा, श्रोतेहो, हाच आहे.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे इंग्रजांच्या राज्यात मनोरुग्णालये निघाली. नागपूर, रत्नागिरी, ठाणे, येरवडा ही नावे आपल्याला ठाऊकच आहेत. गावठी बोलण्यात ती थट्टेसाठी वापरली जातात हे मात्र आपल्याला शोभत नाही. १९१२ साली ‘इंडियन लुनसी ॲक्ट’ हा कायदा झाला. भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या आजारी माणसाला पोलिसांनी धरावे आणि मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे, अशी त्यात तजवीज होती. तपासणी होईपर्यंत थोडे दिवस सुरक्षित ठेवावे असा हेतू. पण रुग्णालय दूर, जागा नाही, कागद हलत नाही, म्हणून माणूस तुरुंगातच राही. अशा कैद्यांसाठी सरकारी दप्तरात एक नाव होते, ‘बिनगुन्ह्याचे वेडे’. नावातच कबुली आहे, पाहा. गुन्हा नाही हे लिहायचे आणि तुरुंगात ठेवायचे! स्वातंत्र्य मिळाले तरी कित्येक वर्षे ही रीत चालू राहिली. १९८२ साली बिहारमधल्या हजारीबाग तुरुंगातली काही माणसे सर्वोच्च न्यायालयाच्या नजरेस आली. आजारी म्हणून त्यांना ठेवले होते, ती बरी झाली, तरी वीस-वीस, तीस-तीस वर्षे आतच होती. बरी झाल्याचा कागद पुढे सरकवणारे कोणी नव्हते. हे प्रकरण न्यायालयापर्यंत गेले ते हजारीबागच्या मोफत कायदा-साहाय्य समितीने धाडलेल्या एका पत्रामुळे.

याच सुमारास मुंबईत शीला बारसे या पत्रकार बाईंनी तुरुंगातल्या बायकांकडे लक्ष वळवले. परवानगी काढून त्यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात पंधरा स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाचजणींनी पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाल्याचे सांगितले. शीलाबाईंनी हे पत्राने सर्वोच्च न्यायालयाला कळवले, आणि न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानले. निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकेला तुरुंगात जाऊन पाहणी करायला सांगण्यात आले. १९८३ सालच्या फेब्रुवारीत निकाल लागला. स्त्री-संशयितांसाठी वेगळ्या कोठड्या असाव्यात, तिथे पहारा स्त्री-शिपायांचा असावा, स्त्रीची चौकशी स्त्री-पोलिसांच्या हजेरीतच व्हावी, अटकेची खबर कायदा-साहाय्य समितीला जावी, आणि न्यायाधीशांनी अचानक भेट देऊन कोठड्या तपासाव्यात, असे हुकूम झाले. अचानक भेट, हे शब्द ध्यानात ठेवा. यॉर्कच्या त्या बंद दाराला दोनशे वर्षांनी मिळालेले हे उत्तर आहे.

शीलाबाई इथेच थांबल्या नाहीत. पश्चिम बंगालच्या तुरुंगांत बिनगुन्ह्याचे मनोरुग्ण, बायकापुरुष, कसे डांबले आहेत, हा प्रश्न त्यांनी न्यायालयापुढे नेला. एका मनोविकारतज्ज्ञाला व एका कायदेपंडित स्त्रीला चौकशीसाठी धाडण्यात आले. १७ ऑगस्ट १९९३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, गुन्हा नसलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात घालणे बेकायदा आहे, घटनेच्या विरुद्ध आहे. ईस्ट केंब्रिजच्या त्या रविवारपासून दीडशेहून अधिक वर्षे लोटली होती. देश वेगळा, भाषा वेगळी. पण रीत तीच होती. आत जा, पाहा, लिहा, आणि योग्य ठिकाणी पोचवा.

२०१७ साली नवा मानसिक आरोग्य कायदा झाला आणि पुढच्या वर्षी तो अमलात आला. त्यातल्या दोनतीन गोष्टी प्रत्येक गावच्या चावडीवर माहीत असाव्यात. मनाने आजारी, भटकणारे माणूस पोलिसांना आढळले तर ते त्यांच्या संरक्षणात घ्यायचे, अटकेत नव्हे. त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात कोणत्याही स्थितीत ठेवायचे नाही. लवकरात लवकर, फार तर चोवीस तासांत, जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणीसाठी न्यायचे. घरदार सापडत नसेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा. साखळीने बांधणे हे तर कायद्याने बंदच आहे.

आणि जिच्यावर खरोखर गुन्ह्याचा आरोप आहे, ती आजारी असेल तर? तिला उपचाराचा हक्क नाही काय? आहे. प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगाच्या दवाखान्यात मानसिक उपचारांची सोय असावी, असे हाच कायदा सांगतो. आपल्यावरचा खटला काय आहे हेच तिला समजत नसेल, तर खटला थांबवून आधी उपचार करण्याची तरतूद फौजदारी कायद्यात आहे. स्त्रीला आणि कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते. संयुक्त राष्ट्रांनीही २०१० साली स्त्री-कैद्यांसाठी सत्तर नियम केले, ‘बँकॉक नियम’ म्हणून ते ओळखले जातात. स्त्रीच्या मनावर पूर्वी झालेले आघात लक्षात घेऊन तिला उपचार द्यावेत, असा त्यांचा रोख आहे.

हे नियम चांगले आहेत. पण नियम हा कागद. त्याला पाय फुटतात ते माणसांमुळे. तेव्हा आपल्या गावापुरते काय करता येईल, ते पाहू.

एक प्रकार आपल्या सगळ्यांच्या परिचयाचा आहे. बाळंतपणानंतर एखादी बाई गप्प गप्प होते. झोपत नाही, खात नाही, मूल जवळ घेत नाही. घरात म्हणतात, नखरे करते, नाहीतर बाहेरची बाधा झाली. आणि एक दिवस ती मुलाला घेऊन विहिरीत उडी टाकते. बाईला लोक बाहेर काढतात, मूल जाते. मग तीच बाई खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात. इंग्लंडने १९२२ साली, आणि पुढे १९३८ साली, असा कायदा केला की, बाळंतपणाच्या धक्क्याने मनाचा तोल ढळलेल्या आईच्या हातून तान्ह्या मुलाचा जीव गेला तर तो सरळसरळ खून धरायचा नाही. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. म्हणूनच विहिरीच्या आधीचे ते गप्प दिवस ओळखणे फार मोलाचे. गावातली आशाताई, सुईण, शेजारीण आणि सासू यांनी हे ओळखले व बाईला वेळेत दवाखान्यात नेले, तर दोन जीव वाचतात आणि तुरुंगाचे दार उघडावेच लागत नाही.

दुसरा प्रकार भटक्या बाईचा. बसस्थानकावर, देवळाच्या पायरीवर मळक्या कपड्यांतली, भाषा न कळणारी बाई आपण पाहतो आणि नजर वळवतो. अशी माणसे रस्त्यावरून उचलून, उपचार करून, हजारो मैलांवरच्या घरी पोचवण्याचे काम डॉक्टर भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी यांनी १९८८ सालापासून केले. कर्जतला त्यांच्या संस्थेचे केंद्र आहे; २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या अनुभवाचा अर्थ एवढाच की, रस्त्यावरच्या बाईलाही कुठेतरी घर असते, गाव असते, पुष्कळदा लेकरेही असतात, आणि औषध सुरू झाले की तिला ते आठवू लागते. तुम्ही पोलीस पाटलाला सांगा, दवाखान्याला कळवा. १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा २०२२ सालापासून चालू आहे, तिथे मराठीतूनही सल्ला मिळतो.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, म्हणून शेवटी सांगतो. तुरुंगात गेलेल्या पुरुषाला भेटायला आई जाते, बायको जाते, भाकरी बांधून बहीण जाते. तुरुंगात गेलेल्या बाईला भेटायला कोण जाते? पुष्कळदा कोणीच नाही. माहेर म्हणते, दिल्या घरची. सासर म्हणते, आमच्या नावाला काळिमा. त्यात ती मनाने आजारी असली तर मग नावच टाकतात. श्रोतेहो, औषधाइतकेच भेटीलाही महत्त्व आहे. घरचे कोणीतरी येणार आहे, हे कळले की गोळी वेळेवर घेतली जाते, केस विंचरले जातात, दिवस मोजले जातात. आणि जिला भेटायला कोणी येते, तिच्याशी आतली माणसेही जपून वागतात. नजर पोचते ती अशी.

गुरुजींना आणि बाईंना एकच सांगणे. गावात ‘येडी’ म्हणून एखादीला पोरे खडे मारतात, तेव्हा धडा बाजूला ठेवून पाच मिनिटे त्या विषयावर बोलावे. तिला थंडी वाजते का, भूक लागते का, वाईट वाटते का, असे मुलांनाच विचारावे. मुले खरे उत्तर देतील. त्या तुरुंगाधिकाऱ्याला जे दिसले नाही ते मुलांना सहज दिसते, आणि एकदा दिसले की मोठेपणी ती नजर वळवत नाहीत.

डिक्सबाईने त्या रविवारी एवढेच केले होते. पाठ संपल्यावर ती लगेच घरी गेली नाही.